९ आठवड्यांचं सशाचं पिल्लू, पोट सारखं बिघडतंय: खायला काय, किती आणि कोणत्या क्रमाने द्यावं?

कोवळंगवत

सशाचं पिल्लू ९ आठवड्यांचं आहे, वजन ६८० ग्रॅम. घरी येऊन १२ दिवस झाले. पहिले चार दिवस लेंड्या गोल, कोरड्या होत्या. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी मऊ, चिकट, काळपट गोळे पडलेले दिसतात. त्यांना उग्र वास येतो आणि ते शेपटीखालच्या केसांना चिकटून वाळतात. दिवसभरात गोल लेंड्याही होतात, पण एक लहान, एक मोठी अशा. पिल्लू खेळतं, उड्या मारतं, खाण्यावर तुटून पडतं.

सध्याचं खाणं: सोबत आलेलं मिक्स फीड (पेलेट म्हणजे दाबून बनवलेले दाणे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत तुकडे). वाटी रिकामी झाली की पुन्हा भरते. टिमथीचं सुकं गवत समोर असतं, त्याला फारसं तोंड लावत नाही. रोज कोबीचं एक पान, गाजराचे दोन-तीन तुकडे, आतापर्यंत दोनदा केळ्याची चकती. पाणी बाटलीतून.

याला जुलाब म्हणायचं का? मिक्स फीड आजच बंद करून नुसत्या गवतावर ठेवलं तर चालेल, की एकदम बदलल्याने आणखी बिघडेल? पोट शांत व्हायला चमचाभर दही द्या असं वाचलं, ते द्यावं का?

लांबकान

आधी जुलाबाचं बघू, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक गोल, कोरडी लेंडी. दुसरी मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारखी एकमेकांना चिकटलेल्या बारीक मण्यांची. ही दुसरी सीकममध्ये, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या मोठ्या पिशवीत तयार होते. ससा ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यातूनच त्याला ब जीवनसत्त्वं आणि जंतूंनी बनवलेली प्रथिनं मिळतात. निरोगी सशाच्या पिंजऱ्यात ती सहसा दिसतच नाही.

तुम्हाला सकाळी दिसतात ते गोळे म्हणजे न खाल्लेली, नीट न बांधली गेलेली मऊ विष्ठा. सोबत गोल लेंड्या होताहेत, पिल्लू खातंय, खेळतंय, म्हणजे हे जुलाब नव्हेत. खुराक जड झालाय, एवढाच त्याचा अर्थ. गोल लेंडी एकही नाही आणि नुसतं पाणी किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ पडतोय, तर ते जुलाब. तसं दिसलं तर हा धागा वाचत न बसता पिल्लाला घेऊन निघा. या वयात त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

आता हे का होतं. दुधावरच्या पिल्लाच्या जठरात आम्ल कमी असतं, पीएच साधारण ५ ते ६.५ (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). आईच्या दुधापासून तिथे काही स्निग्धाम्लं तयार होतात आणि ती जंतूंना आवर घालतात. मोठ्या सशाच्या जठरात पीएच १ ते २ असतो, तिथे आम्लच ते काम करतं. दूध सुटतं तेव्हा पहिलं कवच गेलेलं असतं आणि दुसरं पुरतं आलेलं नसतं. शिवाय स्टार्च पचवणारी विकरंही अजून कमी पडतात. मग मका, बिया, केळं यांतला न पचलेला स्टार्च आणि साखर थेट सीकममध्ये जाते, तिथे नको ते जंतू माजतात आणि मऊ गोळ्यांचा चिखल होतो. घर बदलल्याचा ताण याच दिवसांत येतो, त्याने आतड्याची हालचाल आणखी मंदावते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: फीड आज एकदम बंद करू नका. जे पिल्लू गवत खातच नाही, त्याची वाटी उचलली तर ते नुसत्या गवतावर येत नाही, उपाशी राहतं. आणि सशाचं आतडं रिकामं राहिलं की थांबतं. पण मिक्स फीडही तसंच चालू ठेवायचं नाही. मधला रस्ता सोपा आहे. त्याच पिशवीतलं फीड ताटलीत ओता आणि मका, बिया, रंगीत तुकडे हाताने वेचून टाका. वाटीत उरल्या त्या पेलेट त्याच्या पोटाला ओळखीच्या आहेत, त्यामुळे ‘एकदम बदल’ हा धोका इथे नाही. काढणं आज करता येतं, नवं घालणं मात्र सावकाश. कोबी, गाजर, केळं यांनाही हेच लागू. तिन्ही आजपासून बंद.

मग पेलेट मोजा. आज वाटीत वजन करून घाला, २४ तासांनी उरलेलं वजन करा. समजा ४५ ग्रॅम खाल्ल्या. उद्यापासून रोज ४-५ ग्रॅम कमी करत २५ ग्रॅमवर या आणि त्या सकाळ-संध्याकाळ दोन भागांत द्या. वाटी दिवसभर भरलेली असेल तर गवताला कुणी विचारत नाही. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

गवत खायला लावण्यासाठी: ससा बसल्या जागी शी करता करता चघळतो, म्हणून गवत ट्रेच्या एका टोकाला, तोंडासमोर येईल असं भरा. गव्हाणीच्या जाळीत अडकवलेलं गवत लहान पिल्लाला ओढता येत नाही, सैल ढीग बरा. सकाळ-रात्र नवं टाका. जुनं संपलेलं नसलं तरी, कारण मूत्र लागलेलं किंवा वास उडालेलं गवत तो खात नाही. चार-पाच पेलेट चुरून ती पूड गवतावर भुरभुरवा. टिमथीचा जाड देठ नको वाटत असेल तर मऊ पानांचं ऑर्चर्ड गवत किंवा दुसऱ्या कापणीचं टिमथी ठेवून बघा. गवत तोंडात घेऊन पुन्हा टाकत असेल तर दात तपासून घ्यावे लागतील.

दही नको. दूध सुटल्यावर त्याला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नीट पचत नाही, आणि दह्यातले जंतू सशाच्या सीकममध्ये वस्तीला राहणारे नव्हेत. तिथे मुख्यतः बॅक्टेरॉइड्स गटाचे जंतू असतात आणि त्यांना लागतो तंतू, म्हणजे फायबर.

पाणी बाटलीऐवजी जड, बुटक्या भांड्यात द्या. बाटलीच्या गोळीतून थेंबथेंब येतं, ससा त्यामानाने कमी पितो. किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिली, म्हणजे तुमच्या पिल्लाला ३५ ते १०० मिली हिशेबात धरा. बाटलीही काही दिवस राहू द्या, त्याला तिची सवय आहे.

गवताचीगंजी

लांबकान यांचं बहुतेक पटलं, पण २५ ग्रॅमवर थोडं थांबून बोलायला हवं. वाढत्या पिल्लाला पेलेट हव्या तेवढ्या द्याव्यात, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी आढळतो. निरोगी, गवतही भरपूर खाणाऱ्या पिल्लासाठी तो चुकीचा नाही, कारण या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त लागतात. नाजूक पोटाच्या पिल्लासाठी मात्र पेलेटला आवर घालावाच लागतो. दूध सुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत खुराक थोडा हात राखून दिला तर पोटाचे आजार कमी होतात, हे ससेपालनात चांगलंच माहीत आहे.

अडचण अशी की पेलेट कमी केल्या तर वाढीला लागणारं आणायचं कुठून? यासाठी लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा. तीही वाळवलेलीच. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम पेलेटच्या तोडीचं असतं, पण तंतू भरपूर आणि स्टार्च अगदी कमी. एकूण गवताचा तिसरा हिस्सा लसूणघास आणि दोन हिस्से टिमथी किंवा ऑर्चर्ड, असं हाताने एकत्र पिंजून द्या. नुसती लसूणघास दिली तर पिल्लू तीच निवडून खाईल आणि सकाळचे मऊ गोळे पुन्हा सुरू होतील, कारण प्रथिनं जास्त झाली तरी तो ती विष्ठा खायचं सोडतो. लसूणघास त्याने आधी खाल्ली नसेल तर चिमूटभरापासून सुरुवात करून आठवडाभरात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणा.

आणि २५ ग्रॅम हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. वजनकाटा खरं सांगतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, त्यावर टोपली ठेवून शून्य करा, पिल्लू टोपलीत बसवा. रोज सकाळी खाण्याआधी, एकाच वेळी. जातीप्रमाणे वाढीचा वेग वेगळा असतो, पण आलेख चढता हवा. एका दिवसाचे ८-१० ग्रॅम खाली-वर झाले तर ते नुसतं पोट किंवा मूत्राशय भरलेलं-रिकामं असण्याने असतं. दोन दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर पेलेट ५ ग्रॅमने वाढवा. घटायला लागलं तर डॉक्टर. लेंड्या सुधारल्या आणि वजन मात्र उतरलं, अशी ‘सुधारणा’ उपयोगाची नाही.

नवी पेलेट निवडताना पिशवीवरचे आकडे वाचा: क्रूड फायबर (तंतू) किमान १८ टक्के, २० च्या वर असेल तर उत्तम, प्रथिनं १४ ते १६, स्निग्ध ३ च्या आसपास. सगळे दाणे एकसारखे, एका रंगाचे. मिक्स फीडची खोड अशी की पिशवीवर तंतूचा आकडा चांगला दिसतो, पण पिल्लू बिया वेचून खातं आणि तंतूवाले दाणे वाटीत सोडतं. आकडा पिशवीचा असतो, पोटात गेलेल्या घासाचा नसतो.

बदल कधी सुरू करायचा हेही महत्त्वाचं. लेंड्या सलग पाच दिवस नीट झाल्यावरच. मग वजनाने पाव हिस्सा नवी आणि पाऊण जुनी तीन-चार दिवस, मग अर्धी-अर्धी, मग पाऊण-पाव. एकूण १२ ते १४ दिवस. मध्येच मऊ गोळे दिसले तर मागच्या पायरीवर जाऊन तीन दिवस थांबा.

पांढरंशेपूट

खाण्याचं वर नीट आलंय. मी तपासणीबद्दल लिहितो, कारण ९ आठवड्यांच्या पिल्लाचं पोट सारखं बिघडत असेल तर खुराक सुधारण्याबरोबरच कॉक्सिडिया आहे का हे बघायलाच हवं. हा आतड्यातला एकपेशी परजीवी, दूध सुटलेल्या पिल्लांत सर्रास सापडतो. सुरुवातीला तो असाच दिसतो: कधी मऊ, कधी बरी लेंडी, खाणं चांगलं, पण वजन हवं तसं वाढत नाही. खुराक कितीही नेमका केला तरी त्याने कॉक्सिडिया जात नाही.

तीन दिवसांच्या ताज्या लेंड्या, रोजच्या आठ-दहा, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवून डॉक्टरांकडे न्या. परजीवी रोज सारखा बाहेर पडत नाही, एका दिवसाच्या नमुन्यात हुकू शकतो. निदान झालं तर औषध आणि त्याचा डोस डॉक्टरच वजनावर ठरवतील. तुमच्या हातात आहे ती स्वच्छता. कॉक्सिडियाची अंडी विष्ठेतून पडल्यावर लगेच बाधक नसतात, त्यांना तयार व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून ट्रे रोज न चुकता रिकामा केला तर पुन्हा लागण होण्याची साखळी तुटते. फरशीच्या नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. उकळतं पाणी किंवा वाफ वापरा, मग कोरडं करा. पिल्लाला अर्थात आधी दुसरीकडे ठेवून.

लेंडी बघायची कशी, ते एकदा नीट करून बघा. टिश्यूवर एक लेंडी घेऊन दोन बोटांत चिरडा. चांगली लेंडी कोरड्या भुशासारखी सुटते आणि आत सोनेरी-पिवळट गवताचे बारीक तुकडे वेगवेगळे दिसतात. काळी, कडक, लहान आणि आत एकजीव लगदा असेल तर गवत कमी किंवा पाणी कमी. केसांनी ओवलेली माळ दिसली तर तो अंगावरचे केस गिळतोय आणि तंतू वाढवायला हवा. बाहेरून शेंबडासारखं आवरण असलेली लेंडी मात्र वाट बघण्यासारखी नाही.

घरी थांबायचं नाही अशा खुणा: १० ते १२ तास काहीही न खाणं किंवा एकही लेंडी न पडणं, पाण्यासारखे जुलाब, पोट ढोलासारखं ताणलेलं, पाठ वर काढून कोपऱ्यात बसणं, दात करकर वाजवणं, कान गार पडणं. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ३८ च्या खाली गेलेलं पिल्लू आधी उबेत ठेवायचं: कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी, आणि लगेच निघायचं. गार पडलेल्या किंवा पोट फुगलेल्या पिल्लाला सिरिंजने बळेच भरवू नका. फुगलेल्या जठरात आणखी भर पडते, आणि सशाला उलटी करता येत नाही. मलूल पिल्लाच्या श्वासनलिकेतही अन्न जाऊ शकतं.

औषधांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. घरातलं उरलेलं प्रतिजैविक तोंडावाटे अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही तोंडावाटे गेली तर सीकममधले चांगले जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि त्याच्या विषाने ससा दगावू शकतो. डॉक्टर नेहमी कुत्र्या-मांजरांचे असतील तर ‘हे सशाला तोंडावाटे चालतं ना?’ असं स्पष्ट विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही.

कोवळंगवत

सगळ्यांचे मनापासून आभार. फीड वेचून घेतलं. २४ तासांत ४८ ग्रॅम पेलेट खाल्ल्या. उद्यापासून कमी करते आणि नमुना गोळा करायला सुरुवात केली आहे. आणखी दोन शंका. शेपटीखाली वाळून घट्ट बसलेला गोळा कसा काढायचा, आंघोळ घालावी का? आणि हिरवा पाला पुन्हा कधी द्यायचा? की कधीच नाही?

लांबकान

आंघोळ अजिबात नको. भिजलेलं पिल्लू गारठतं, घाबरतं, आणि घाबरलेल्या सशाचं आतडं थांबतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस गोळ्यावर पाच मिनिटं धरून ठेवा, मऊ झाला की बोटांनी केसांच्या टोकाकडे सरकवत काढा. ओढू नका, सशाची कातडी ओल्या कागदासारखी फाटते. कात्रीही नको. नंतर टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं करा. हे रोज बघा, कारण माश्या अशा घाणीत अंडी घालतात आणि अळ्या काही तासांत कातडीपर्यंत पोचतात.

गवताचीगंजी

पाल्याचं सांगतो. नाजूक पोटाच्या पिल्लाला १२ आठवड्यांच्या आत पाला नको. आणि १२ आठवडे झाले तरी लेंड्या सलग दहा दिवस नीट असल्याशिवाय नको. आई असताना तो पाला खात होता का, हे जिथून आणलं तिथे विचारून घ्या. आईबरोबर पाला चघळत वाढलेल्या पिल्लाला तो लवकर सोसतो, त्याच्या बाबतीत इतकी सावधगिरी लागत नाही.

सुरुवात कोथिंबिरीने करा: एक काडी पानांसकट, २-३ ग्रॅम, धुऊन, पाणी झटकून. सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. तीच, तेवढीच, तीन दिवस. चौथ्या दिवशी दुप्पट. आठवडाभर काही झालं नाही तर दुसरा पाला: रोमेन लेट्यूसचं बोटभर पान किंवा गाजराचा पाला. गाजराचा कंद साखरेचा, तो सहा महिन्यांपर्यंत विसरा. कोबी, फुलकोबी आणि त्यांच्या जातीचं सगळं सर्वांत शेवटी, कारण गॅस. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी, ते द्यायचं कारणच नाही. कडधान्यं, धान्य, पाव, बिस्किटं कोणत्याच वयात नाहीत.

एका वेळी एकच नवा पदार्थ. पेलेट बदलण्याचे दोन आठवडे आणि नव्या पाल्याचे दिवस एकमेकांवर येऊ देऊ नका, नाहीतर पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही. एका वहीत चार रकाने आखा: तारीख, वजन, पेलेट किती ग्रॅम, सकाळी मऊ गोळे किती. दुसरा पाला सुरू केल्यावर मऊ गोळे दिसले तर तो दुसरा काढा आणि कोथिंबीर चालू ठेवा. दोन दिवसांत गोळे थांबले तर दोष त्या पानाचा. थांबले नाहीत तर कोथिंबीरही काढा, पेलेट २० ग्रॅमवर आणा आणि लेंड्यांचा नमुना पुन्हा तपासायला द्या.